ताटातलं लेकराच्या अंगी का लागत नाही?

 

आज वजनाच्या काट्याबद्दल बोलायचं आहे. अंगणवाडीत महिन्याच्या महिन्याला लेकरांची वजनं होतात. एखाद्या बाळाचं वजन मागच्या महिन्याएवढंच भरलं, किंवा कमी भरलं, की सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. "खायला घालत नाहीस का गं?" सासूबाई विचारतात, चुलत जाऊ विचारते, पाणी भरायला आलेली शेजारीणसुद्धा विचारून जाते. आणि ती आई खाली मान घालून म्हणते, "ताई, वरण-भात कुस्करून देते, आठवड्यातून दोनदा अंडं देते, घरात हाय ते समदं देते. पर अंगी लागत न्हाई."

बचत गटाचं काम करताना हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आजचं बोलणं त्याच्यावरच बेतलं. अंगी लागत नाही म्हणजे काय? खाल्लेलं जातं कुठे?

आधी एक गैरसमज दूर करू. "आमच्या घरात सगळेच बारकुळे, ह्याचा आजा पण असाच होता." उंची थोडीफार आईबापावर जाते, हे खरं आहे. पण लहान वयात खुंटलेली उंची ही बहुतेक वेळा घराण्याची देणगी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालवाढीचे तक्ते काढले. अंगणवाडीत हिरवा, पिवळा, लाल असे रंग दाखवणारे तक्ते आहेत ना, तेच. ते करण्याआधी सहा देशांतली मुलं मोजली होती : ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. भारतातली मुलं दिल्लीची होती. निवडताना एवढंच पाहिलं की घरात पुरेसं आहे, आईचं दूध मिळतंय, आई विडी-सिगारेट ओढत नाही, दवाखाना हाताशी आहे. आणि काय दिसलं? पहिल्या पाच वर्षांत दिल्लीचं लेकरू आणि नॉर्वेचं लेकरू जवळजवळ सारखंच वाढलं. म्हणजे बी तेच आहे. फरक पडतो तो जमिनीचा, पाण्याचा आणि राखणीचा. शेती करणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या राज्याचं पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. एवढ्या सगळ्या आया लेकरांना उपाशी ठेवतात का? कोणी असं म्हणत असेल तर मी तरी ऐकून घेणार नाही.

तर चला, खाल्लेल्या घासाच्या मागे मागे जाऊ.

घास तोंडातून पोटात जातो, तिथून लहान आतड्यात. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक बारीक तंतू असतात. अन्नातलं सत्त्व तेच टिपून रक्तात सोडतात. नवा टॉवेल आठवा. त्याला दोऱ्याचे फासे असतात म्हणून तो भराभर पाणी टिपतो. तोच टॉवेल वापरून वापरून गुळगुळीत झाला, फासे झडले, की अंग कितीही पुसा, ओलंच राहतं. बाळाच्या आतड्याचं तसंच होतं. घाण पाण्यातून, मातीतून, हातातून जंतू पुन्हा पुन्हा पोटात गेले की ते तंतू झिजतात, आखूड होतात. मग अंडं खाल्लं तरी त्यातलं पुरतं टिपलं जात नाही. शिवाय जे टिपलं जातं त्यातला वाटा अंग जंतूंशी झुंजण्यात खर्च करतं. वाढीसाठी उरतं काय? आणि यात प्रत्येक वेळी जुलाब होतातच असं नाही. बाळ खेळतंय, हसतंय, वरून काही दिसत नाही, आणि आत ही झीज चालू असते. अंगी लागत नाही म्हणतात ते हेच.

बघा, बाळ सहा महिन्यांचं झालं की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. वरचं अन्न सुरू होतं आणि रांगणं सुरू होतं. तोवर आईच्या दुधावर असलेलं बाळ आता जमिनीवर येतं आणि सापडेल ते तोंडात घालतं. अंगणात कोंबड्या फिरतात, शेळीच्या लेंड्या पडलेल्या असतात. आणि आपल्याकडे एक समज फार पक्का आहे, की लेकराच्या शीला काय होतंय, ती काही मोठ्या माणसासारखी घाण नसते. म्हणून ती उकिरड्यावर, नाहीतर घराच्या कडेलाच टाकली जाते. खरं तर तान्ह्या बाळाच्या शीतही रोगाचे जंतू तेवढेच असतात. ती संडासातच गेली पाहिजे.

आणि संडासाचं तर काय सांगावं. गावोगाव संडास बांधले गेले, भिंतीवर चित्रंही काढली. पण कितीतरी संडासांत आज गोवऱ्या आणि सरपण ठेवलेलं दिसतं. बायांना विचारलं तर त्या सरळ सांगतात, "ताई, प्यायला पाणी नाही, तिथं ओतायला बादली कुठून आणू?" त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पाणी डोक्यावरून आणणारी बाई प्रत्येक तांब्याचा हिशोब ठेवते. त्या हिशोबात आधी स्वयंपाक, मग जनावरं, मग भांडी. हात धुणं सगळ्यात शेवटी येतं. साबणाने हात धुण्याचा दिवस साजरा करून फोटो काढून जाणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात आठ दिवस आमच्या वस्तीवर राहावं, एवढंच मी म्हणेन.

जिथे नळ आला तिथेही पाणी रोज येतंच असं नाही. मग टाक्यांत, पिंपांत, हंड्यांत साठवायचं. साठवलेल्या पाण्यात घरातला प्रत्येक जण तांब्या बुडवतो, बोटं पाण्याला लागतात. म्हणजे येताना चांगलं असलेलं पाणी घरात आल्यावर बिघडतं. याला फार खर्च नाही. लांब दांड्याचं ओगराळं घ्या, नाहीतर तोटी असलेला पिंप. आमच्या एका गटाने अंतर्गत कर्ज काढून सगळ्या घरांसाठी तोटीचे पिंप एकदम घेतले. दुकानदाराने भावही कमी लावला.

जुलाबाचंही सांगते. "पोट रिकामं ठेवा, आपोआप थांबेल" असं अजूनही म्हातारी माणसं सांगतात. मायेनेच सांगतात, पण तसं करू नका. अंगावर पाजणं चालू ठेवायचं, पेज, मऊ भात द्यायचा. मीठ-साखरेची ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या आशाताईकडे मिळतात. झिंक १४ दिवस पुरं द्यायचं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. आणि लेकरू बरं झालं की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. झालेली झीज तेव्हाच भरून निघते. बाळ मलूल पडलं, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा शीत रक्त दिसलं तर मात्र घरी बसून राहायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.

धुराबद्दल थोडक्यात. कोंदट खोलीत चूल, आणि चुलीपाशी मांडीवर बाळ. त्या धुराने लहान मुलांना न्यूमोनिया होतो, पोटुशी बाईच्या बाळाचं वजन कमी भरतं. गॅसची टाकी घरात आहे, पण भरायला पैसे नाहीत म्हणून ती पाहुण्यांच्या चहापुरती उरली आहे, हे मला माहीत आहे. निदान चूल पडवीत घ्या आणि बाळ दुसऱ्याच्या हाती द्या. दुसरा म्हणजे बाळाचा बापही चालतो.

आता घासाच्याही मागे जाऊ. कारण बाळाची वाढ बाळ जन्मल्यावर सुरू होत नाही. पोटातले २७० दिवस आणि नंतरची दोन वर्षं, म्हणजे ७३० दिवस. बेरीज करा, १००० होते. या हजार दिवसांत उंचीचा, मेंदूचा पाया पडतो. तो कच्चा राहिला तर नंतर कितीही टेकू द्या, सगळी कसर भरून येत नाही. असं लेकरू आजारी जास्त पडतं, शाळेत मागे राहतं, मोठेपणी मजुरीही कमी मिळवतं.

मग त्या हजार दिवसांपैकी पहिल्या दिवशी आईचं वय किती असतं? त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या दर १०० बायांमागे जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आमच्या बीड जिल्ह्यात हा आकडा ४० च्या वर आहे. सोळाव्या वर्षी मुलीची स्वतःची वाढच पुरी झालेली नसते. अशा अंगात बाळ राहिलं की एकाच ताटातल्या अन्नावर दोन वाढती शरीरं. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हेही त्याच पाहणीत आलंय. त्यात घरात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवणार, आणि तेव्हा भाजीचा रस्सा उरलेला असतो, भाजी नसते. वर कोणीतरी सांगणार, "जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल." बाळ जन्मतंच अडीच किलोच्या आत. ते काट्यावर पहिल्याच दिवशी मागे पडलेलं असतं. मुलगी असेल तर तीच पुढे बारकी आई होते, आणि तिच्या पोटी पुन्हा बारकं बाळ. "ह्याचा आजा पण असाच होता" म्हणतात त्याच्यामागे हे असतं.

आता कोणी म्हणेल, मग लग्न लवकर लावताच कशाला? पोरींच्या आईबापांना अक्कल नाही का? मैत्रिणींनो, आपल्या भागात दसरा-दिवाळी झाली की गावं कशी ओस पडतात ते तुम्ही पाहताच. ऊसतोडीला कोयता जातो, आणि कोयता म्हणजे जोडपं. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराला तेवढी उचल मिळत नाही, म्हणून पोराच्या घरच्यांना सून लागते. आणि पोरीच्या आईबापाला धास्ती, की आपण सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? गावची शाळा सातवी-आठवीला संपते, पुढच्या शाळेला एसटी नाही. या सगळ्याचं उत्तर म्हणून लग्न लागतं. तेव्हा नुसत्या "बालविवाह करू नका" अशा पाट्या लावून भागत नाही. मुलींसाठी वसतिगृह हवं, एसटी हवी, मागे राहिलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू व्हायला हवं. कायदा आहेच, २००६ चा. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ या क्रमांकावर कोणीही फोन करू शकतं. पण लग्न अडवलं आणि पोरीला ठेवायची सोय केली नाही, तर ते पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात लागतं.

तोडीच्या फडावर काय असतं, ते गेलेल्यांना माहीत आहे. पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, उभं राहिलं की डोकं लागेल एवढी. पहाटे चारला उठायचं, भाकरी थापायच्या, अंधारात फडात जायचं. बाळ बांधावर साडीच्या झोळीत, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला सहा वर्षांची बहीण. म्हणजे एका आईच्या कामात दोन लेकरांचं नुकसान, एकाच्या वाढीचं आणि एकीच्या शाळेचं. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढवते, पोटुशी असली तरी. एक दिवस बसली तर खाडा धरतात, पैसे कापतात. पाणी लांब, आडोसा नाही, पाळीतही सुट्टी नाही. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, आणि तपासायला वेळ नाही. मग कोणीतरी सांगतं की पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. तिशीच्या आतबाहेरच्या बायांनी गर्भाशयं काढून घेतली. २०१९ साली ते सगळ्या देशाने ऐकलं, आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीला समिती नेमली. पिशवी काढून कटकट मिटत नाही. सोबत अंडाशयही काढलं असेल तर हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, आणि कोयता तर उचलावाच लागतो. दुखणं पोटात दिसलं, पण आलं ते खाड्यातून, लांबच्या पाण्यातून, नसलेल्या आडोशातून.

इथे दोन गोष्टी कामाच्या सांगते. तुम्ही तोडीला ज्या गावात जाता तिथल्या अंगणवाडीत तुमच्या लेकराचं नाव नोंदवता येतं. आहार, लस, वजन तिथे मिळतं. निघताना आपल्या सेविकेला सांगून निघा आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड पिशवीत ठेवा. आणि रेशन कार्ड आता बाहेरगावीही चालतं. आधार जोडलेलं असलं की तिथल्या रेशन दुकानावर अंगठा लावून धान्य उचलता येतं. कोणी "हे इथलं कार्ड नाही" म्हणालं तर ऐकून परत फिरू नका, तहसीलच्या पुरवठा शाखेत तक्रार करा.

हे सगळं काही मी नव्याने शोधलेलं नाही. आपल्या शेजारीच, जामखेडला, १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं आलं. वेल्लोरला शिकलेले, परदेशात जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. पण त्यांनी पाहिलं की बरं करून घरी पाठवलेलं लेकरू त्याच दुखण्याने पुन्हा येतं, कारण घरचं पाणी तेच, ताट तेच. मग त्यांनी गावोगावच्या बायांनाच शिकवायला घेतलं. कितीतरी जणी निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या. त्या बाळंतपणं करू लागल्या, लेकरांची वजनं घेऊ लागल्या, सोवळ्या-ओवळ्याचं मनात धरणाऱ्या घरांतही त्यांना बोलावणं येऊ लागलं. शेतकरी मंडळं झाली, महिला मंडळं झाली, पाण्याची आणि झाडांची कामं निघाली. दवाखान्याच्या जोडीला हे सगळं झालं तेव्हा त्या गावांतले बालमृत्यू खूप खाली आले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या बाईच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं, तिच्या हातून बाळंतपण करून घेऊ लागले. हा बदल औषधाच्या बाटलीत मिळत नाही.

आपल्या गटांकडे वळते. तुमच्या गटाचं कर्जाचं रजिस्टर काढा आणि "कर्जाचे कारण" हा रकाना वरून खाली वाचा. बी-बियाणं, शेळी, शाळेची फी, आणि मधे मधे सारखं दिसेल "दवाखाना". दोन रुपये शेकडा असलं तरी ते आपल्यातच फिरतं, सावकाराच्या दारात जावं लागत नाही. आधी लेकरू तापलं तर धनी येईपर्यंत थांबायचं, मग पैसे मागायचे, मग उद्या बघू. आता बाई आपल्या सहीने पैसे उचलते आणि त्याच दिवशी निघते. त्या एका दिवसाने जीव वाचतो. पैसा बाईच्या हाती आला की तो दूध-अंड्यांत, वह्यांत जातो, असं मी गटात नेहमीच पाहते. अपवाद असतील, असूद्यात. पण एवढ्यावर सगळं सुटतं, असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. बाईने बचतही करायची, पाणीही आणायचं, लेकराची वाढही तिनेच सांभाळायची, आणि ग्रामपंचायत, कारखाना, घरातला गडी हे सगळे मोकळे? असं कसं चालेल?

म्हणून शेवटी पंचायतीचं सांगते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो किती आला, कशावर गेला, हे विचारायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे विचारा आणि ठराव लिहून घ्या. पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६०००. आशाताईकडे अर्ज भरला का, तेही पाहा.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा तोडीला निघण्याच्या आधी येते. तेव्हा गाव भरलेलं असतं. हंगामी वसतिगृहाची मागणी, मागे राहणाऱ्या आणि सोबत जाणाऱ्या लेकरांची यादी, संडासांना पाणी, हे तीन विषय त्या दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जाचा नमुना आपल्या प्रभाग संघाच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी गटाच्या सचिवाकडून भरून घ्या, अंगठा चालतो.